घरांतले कान



सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सोलापुरापासून सुमारें ४५ किलोमीटरांवर, बोरी नदीच्या कांठीं नळदुर्ग हें गांव आहे. नळ राजावरून गांवाला हें नांव पडलें अशी लोकांची समजूत आहे. गांवाला लागून जो प्रचंड किल्ला उभा आहे, त्याची काळ्या दगडाची तटबंदी सोळाव्या शतकांत विजापूरच्या अली आदिलशहाच्या कारकीर्दींत उभी राहिली. तिला शंभरांहून अधिक बुरूज आहेत. पुढें इ. स. १६१३ मध्यें दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळांत मीर महंमद इमादीन या स्थापत्यकारानें नदीच्या पात्रांत बांध घालून नळदुर्ग आणि पलीकडचें रणमंडळ हीं दोन्ही जोडलीं, आणि त्या बांधाच्या पोटांत एक महाल बांधला. त्याला पाणीमहाल म्हणतात. बोरीला पूर आला म्हणजे नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी गर्जत खालीं कोसळतें, आणि त्याच वेळीं आंतल्या महालांत उभा असलेला माणूस कोरडा राहून खिडकींतून तें पाणी पाहूं शकतो.

या महालाचें कौतुक आपण जलविद्येचा चमत्कार म्हणून करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. नदीपासून दूर टेकडीवर राहून कोरडें राहणें ही कांहीं मोठी विद्या नव्हे. नदीच्या ऐन पात्रांत राहावयाचें, तिचा उपयोग करून घ्यावयाचा, तिची शोभाहि पाहावयाची, आणि तरीहि कोणतें पाणी कोणत्या वाटेनें जावें हें आपल्या हातीं ठेवावयाचें, ही खरी विद्या. आजचा माझा विषय किल्ल्याचा नाहीं, आपल्या राहत्या घराचा आहे; पण आपल्या घराला आज हीच विद्या शिकावयाची आहे असें मला वाटतें.

गेल्या दहाबारा वर्षांत आपल्या घरांत कांहीं नवे रहिवासी आले आहेत. हाक मारतांच गाणें लावणारा किंवा दिवा मालविणारा बोलका डबा, दाराशीं कोण उभें आहे तें मोबाइलवर दाखविणारी घंटा, दिवाणखान्यांतला कॅमेरा, इंटरनेटला जोडलेला टीव्ही, आपण होऊन केर काढीत फिरणारें यंत्र, हे ते रहिवासी होत. अमेझॉन कंपनीचा बोलका डबा अमेरिकेंत २०१४ सालीं निघाला आणि आपल्या देशांत २०१७ सालीं आला. त्यामागोमाग २०१८ सालीं गूगल कंपनीचा आला. या यंत्रांना शहाणीं यंत्रें, स्मार्ट यंत्रें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्यांच्या शहाणपणाची मेख अशी कीं, त्यांचें डोकें बहुधा आपल्या घरांत नसतें. बोलका डबा एक ठराविक हाक कानीं पडेपर्यंत कान देऊन बसतो. ती हाक ऐकली असें त्याला वाटलें कीं पुढचे शब्द इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातात, तेथें त्यांचा अर्थ लागतो आणि उत्तर परत येतें. येथें ‘वाटलें’ हा शब्द मीं मुद्दाम वापरला आहे. कारण त्याला जें वाटतें तें नेहमींच खरें असतें असें नाहीं.

घरांतील बोलणें बाहेर जाईल ही धास्ती मात्र मुळींच नवी नाहीं. ज्या नळाचें नांव या गांवाला चिकटलें, त्याचीच कथा पाहा. इंद्रादि देवांचा दूत म्हणून नळ दमयंतीच्या महालांत शिरला तेव्हां दारोदारीं पहारा असूनहि कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं. इतक्या कडक बंदोबस्तांतून तूं आंत आलास कसा, हा दमयंतीचा प्रश्न होता. पाहुणा सज्जन होता म्हणून कथा गोड झाली. पण प्रश्न तिनें विचारला होता, हें विसरतां येत नाहीं.

कौटिल्यानें तर या विषयाचें शास्त्रच केलें. राजानें मसलत कोठें करावी हें सांगतांना तो अर्थशास्त्रांत म्हणतो कीं, पक्ष्यांचीहि नजर पोंचणार नाहीं अशी जागा निवडावी, कारण पोपट आणि मैना यांनीं मसलती फोडल्याचें ऐकिवांत आहे. त्याच ग्रंथांत हेरांचे प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत संन्याशाच्या व व्यापाऱ्याच्या जोडीला साध्या गृहस्थाचा वेष घेणारा हेरहि आहे. पोपटाचा हा लौकिक पुढें काव्यांतहि उतरला. अमरुशतकांत अशा एका नववधूचा प्रसंग आहे कीं, रात्रीं पतिपत्नींचें झालेलें बोलणें पिंजऱ्यांतला पोपट सकाळीं वडीलधाऱ्यांसमोर म्हणूं लागतो, आणि ती बिचारी कानांतलें माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोंचींत घालून त्याचें तोंड बंद करते. आपण यावर हसतों. परंतु त्या पोपटाचे दोन गुण ध्यानांत घेण्यासारखे आहेत. तो जें ऐके तें त्याच घरांत बोले, आणि एका दाण्यानें गप्प बसे. आजचा पोपट जें ऐकतो तें कोठें बोलतो हें आपल्याला दिसत नाहीं, आणि त्याच्या चोंचींत कोणता दाणा घालावा हेंहि आपल्याला ठाऊक नसतें.

यंत्रयुग आल्यावर हाच प्रश्न तारेवर चढला. पहिल्या काळांतला टेलिफोन मध्यस्थाशिवाय चालत नसे. प्रत्येक जोडणी एक्स्चेंजमधील माणूस हातानें करी, आणि त्याची इच्छा असेल तर तो ऐकूंहि शके. अमेरिकेंत कॅन्सस सिटी या गांवीं आल्मन स्ट्राऊजर नांवाचा एक गृहस्थ अंत्यविधीचें सामान पुरविण्याचा धंदा करीत असे. आपल्याकडे येणारीं बोलावणीं एक्स्चेंजमधून प्रतिस्पर्ध्याकडे वळविलीं जातात असा त्याचा संशय होता असें सांगतात. तक्रारी करीत बसण्याऐवजीं त्यानें मध्यस्थच नको अशी युक्ति शोधली. १० मार्च १८९१ रोजीं त्याला स्वयंचलित जोडणीच्या यंत्राचें पेटंट मिळालें आणि पुढच्याच वर्षीं इंडियाना प्रांतांतील ला पोर्ट या गांवीं तसें पहिलें एक्स्चेंज सुरू झालें. ज्याला आपण नुसती सोय समजतों, त्या आपोआप लागणाऱ्या टेलिफोनच्या मुळाशीं मध्यस्थाविषयींचा अविश्वास होता. ही गोष्ट पुढें कामाला येईल, म्हणून ती लक्षांत ठेवावी.

आणि ज्या साधनाच्या द्वारें मी आपल्याशीं बोलत आहें, त्याचें काय? आपल्या देशांत २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस नियमित नभोवाणी सुरू झाली. घरांत आलेला रेडिओ हा मोठा बडबड्या पाहुणा खरा. पण तो जन्मतः बहिरा होता. तो बोलला, त्यानें गायिलें, त्यानें बातम्या सांगितल्या. परंतु ऐकणारा कोण, तो हंसला कीं रडला, यांतलें कांहीं त्याला कळत नसे. १९४२ च्या ऑगस्टांत उषाबेन मेहता आणि त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तेव्हां बोलणारे शेवटीं नोव्हेंबरांत पकडले गेले; पण आपापल्या घरीं खिडक्या लावून तो आवाज ज्यांनीं ऐकला, त्यांची नांवें सांगणें त्यांच्या रेडिओला शक्यच नव्हतें. संच बहिरा होता म्हणून ऐकणारा निर्भय होता. आजचा टीव्ही तसा नाहीं. अमेरिकेंत व्हिझिओ या कंपनीनें १ कोटि १० लक्ष संचांवरून घरांत काय पाहिलें जातें याची नोंद लोकांच्या संमतीवांचून गोळा केली, असा आरोप तेथील व्यापार आयोगानें ठेवला, आणि २०१७ सालीं कंपनीनें २२ लक्ष डॉलर देऊन तो मिटविला.

आतां पुन्हा नळदुर्गास येऊं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य सोलापुराकडून हैदराबाद संस्थानांत शिरलें, तेव्हांची पहिली चकमक येथेंच झाली. बोरीवरचा पूल शत्रूनें उडविण्यापूर्वींच तो धड अवस्थेंत हातीं आला, आणि पुढची वाट मोकळी झाली. चार दिवसांत संस्थानची लढाई संपली. तो प्रसंग मराठवाड्याच्या मुक्ततेचा म्हणून आपल्याला प्रियच आहे. पण त्यांतील युद्धशास्त्राचा धडा निराळा आहे. तट जागच्या जागीं होता, बुरूज उभे होते, आणि निकाल लागला तो पुलावर. जागेचें रक्षण भिंतीच्या जाडीवर जितकें अवलंबून असतें, त्याहून अधिक तें आंत येण्याच्या वाटेवर कोणाची सत्ता आहे यावर असतें. आपल्या घराच्या भिंती अजून आपल्याच आहेत. प्रश्न पुलाचा आहे.

पुलावरून काय काय गेलें, याचीं कांहीं उदाहरणें आतां जाहीर आहेत. २०१८ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील पोर्टलंड येथें एका कुटुंबाचें घरगुती संभाषण त्यांच्याच बोलक्या डब्यानें ध्वनिमुद्रित करून त्यांच्या ओळखीच्या एका माणसाकडे धाडलें. आपल्याला आज्ञा झाली असा त्या यंत्राचा समज झाला होता. २०१९ सालीं बेल्जमच्या व्ही.आर.टी. या सरकारी प्रसारण संस्थेच्या हातीं गूगलच्या सहायकानें टिपलेले एक हजारांहून अधिक ध्वनिखंड आले. यंत्राची समज सुधारावी म्हणून माणसें बसवून ते ऐकविले जात होते. त्यांपैकीं १५३ खंडांत यंत्राला हाक मारलेलीच नव्हती. घरांतलीं माणसें आपसांत बोलत होतीं. २०२२ च्या डिसेंबरांत असें उघडकीस आलें कीं, केर काढणाऱ्या यंत्राच्या एका चांचणींतील नमुन्यांनीं टिपलेलीं चित्रें, आणि त्यांत शौचकूपावर बसलेल्या एका स्त्रीचें चित्र, दूर देशींच्या कामगारांकडून समाजमाध्यमांवर पोंचलीं होतीं. ३१ मे २०२३ रोजीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें दोन प्रकरणें एकाच दिवशीं जाहीर केलीं. मुलांचे आवाज जपून ठेवल्याबद्दल अमेझॉनला अडीच कोटि डॉलर भरावे लागले. आणि त्याच कंपनीच्या मालकीच्या रिंग या कॅमेरेवाल्या शाखेंतील नोकरांना ग्राहकांच्या घरांतील खासगी चित्रें पाहतां येत होतीं, म्हणून तिला ५८ लक्ष डॉलर द्यावे लागले.

या सर्व उदाहरणांत एकहि चोर नाहीं, ही गोष्ट मला अधिक विचार करावयास लावते. कुलूप कोणीं फोडलें नाहीं. यंत्र आम्हींच विकत आणलें, आम्हींच भिंतीवर लावलें, आणि अटींच्या लांबलचक कागदाखालीं ‘मान्य’ या शब्दावर आम्हींच बोट टेकलें. शिवाय त्या अटी मागाहून बदलूं शकतात. अमेझॉनच्या कांहीं डब्यांत आवाज कंपनीकडे न पाठवितां घरींच अर्थ लावण्याची सोय होती. २८ मार्च २०२५ पासून कंपनीनें ती बंद केली. विकत घेतलेली वस्तु आपली, ही आपल्या वाडवडिलांची समजूत. येथें वस्तु आपली असते, पण तिचें इमान दुसऱ्याशीं असतें.

कायदा याबाबत काय म्हणतो? घर म्हणजे गृहस्थाचा किल्ला, हें तत्त्व इंग्लंडांत सेमेन याच्या खटल्यांत १६०४ सालीं सांगितलें गेलें, म्हणजे पाणीमहाल बांधला जाण्याच्या अवघीं नऊ वर्षें आधीं. आपल्याकडे तें तत्त्व गाजलें तें खडकसिंग नांवाच्या उत्तर प्रदेशांतील एका सामान्य माणसाच्या खटल्यांत. पोलीस रात्रीं अपरात्रीं त्याच्या घरीं येऊन त्याला उठवीत. १८ डिसेंबर १९६२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हें रात्रीचें येणें बेकायदा ठरविलें, आणि त्या वेळीं घर म्हणजे किल्ला या जुन्या वचनाचा आधार घेतला. मात्र खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें बहुमतानें मानलें नाहीं. तें मानावयास ५५ वर्षें लागलीं. निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांच्या अर्जावर २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमुखानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा घटनेनें दिलेल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे. त्या नवांत नागपूरचे न्यायमूर्ति शरद बोबडे होते आणि न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूडहि होते. आणीबाणींत, १९७६ सालीं, नागरिकांच्या स्वातंत्र्याविरुद्ध गेलेल्या ज्या निकालांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड बहुमतांत होते, तो निकाल चुकीचा होता असें पुत्रानें याच निर्णयांत स्पष्ट लिहिलें. आपल्या न्यायाच्या इतिहासांत असे प्रसंग थोडे.

त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्यें व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. माहिती घेणाऱ्यानें ती कशासाठीं घेतों तें सांगावें, संमति घ्यावी, दिलेली संमति परत घेऊं द्यावी, १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतींत पालकांना विचारावें, असें त्यांत आहे; दंडाची कमाल मर्यादा २५० कोटि रुपयांची आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले, आणि कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. कायदा चांगला व्हावा, तो नीट चालावा, अशी आपण इच्छा करूं. परंतु कायदा येतो तो बहुधा बोलणें बाहेर गेल्यानंतर. जें बाहेर गेलेंच नाहीं त्याला कायद्याच्या रक्षणाची गरज पडत नाहीं. येथें मला स्ट्राऊजरची आठवण होते. त्यानें खटला भरला नाहीं; मध्यस्थाची गरज उरणार नाहीं असें यंत्र केलें.

आज त्याच वृत्तीची माणसें जगभर आहेत. २०१० सालीं जर्मनींत ओपनहॅब आणि २०१३ सालीं नेदरलंड्समधील पॉलस शाऊटसेन यांनीं होम असिस्टंट अशा दोन संगणकीय योजना सुरू केल्या. दोन्हींचें अंतरंग सर्वांस पाहण्यास खुलें आहे. कल्पना अगदीं साधी आहे. घरांतील यंत्रांचें डोकें घरांतच ठेवावयाचें. हाताच्या तळव्याएवढा एक संगणक कोपऱ्यांत बसवावयाचा, दिवे, पंखे, दाराचे खटके यांनीं थोड्या अंतरापुरत्या पोंचणाऱ्या बिनतारी संदेशांनीं त्याच्याशीं बोलावयाचें, आणि त्यानें आज्ञा द्यावयाची. इंटरनेटची तार काढून टाकली तरी दिवा लागतो आणि मालवतो. आवाज ओळखण्याचें कामहि आतां अशा घरगुती संगणकावर होऊं शकतें. २०२४ सालीं होम असिस्टंटची मालकी एका ना-नफा संस्थेकडे देण्यांत आली. ती एखाद्या कंपनीस विकली जाऊं नये हा त्यांतला हेतु आहे. या हेतूला अनुभवाचा आधार आहे. २०१६ सालीं रिव्हॉल्व नांवाचें गृहयंत्र त्याच्या नव्या मालकांनीं दूरचा संगणक बंद करून निरुपयोगी केलें, आणि २०२२ सालीं इन्स्टिऑन कंपनीचा संगणक एके दिवशीं अकस्मात् मुका झाला तेव्हां तिच्या गिऱ्हाइकांचीं घरें अर्धवट आंधळीं झालीं. ज्याचें डोकें परगांवीं, त्याचें आयुष्यहि परस्वाधीन.

या मार्गाची स्तुति करतांना त्याचे कष्ट लपवूं नयेत. घरचा कारभार घरीं ठेवला कीं तो घरच्यांनाच करावा लागतो. यंत्र जोडावयास शिकावें लागतें, त्याच्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं कराव्या लागतात, वीज गेली तर काय याचा विचार ठेवावा लागतो, आणि कारखान्यांतून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा लागतो. स्वतःचा कॅमेरा लावून त्याचें दार उघडें टाकणें हें परक्याच्या कॅमेऱ्याहून वाईट. ज्यांना इतकी यातायात करवत नाहीं त्यांच्यासाठीं सर्वांत जुना पर्याय आहेच, आणि तो म्हणजे भिंतीवरचा साधा खटका. दिवा मालविण्यास चार पावलें चालावें लागणें ही कांहीं मोठी आपत्ति नव्हे.

आतां एक नाजूक गोष्ट सांगावयाची आहे. समजा, नळदुर्गास एक वृद्ध आई एकटी राहते आणि मुलगा पुण्यास नोकरीला आहे. आई पडली, झडली, तर कळावें कसें, ही त्याची काळजी खोटी नाहीं. तो सुटींत येतो आणि ओसरीवर, माजघरांत, झोपण्याच्या खोलींत असे तीन कॅमेरे लावून जातो. चित्रें कंपनीकडे जात नाहींत, घरच्याच पेटींत राहतात, असेंहि समजूं. तरी प्रश्न संपला काय? ती माउली आतां पदर सैल सोडून उन्हाळ्यांत आडवी होऊं शकत नाहीं. शेजारीण आली तर सुनेविषयीं मनांतलें दोन शब्द बोलूं शकत नाहीं. ती कॅमेऱ्याकडे पाठ करून बसूं लागते. मुलगा दुष्ट नाहीं. परंतु त्यानें आईला तिच्याच घरांत पाहुणी केली. सुनेच्या, मोलकरणीच्या, वयांत आलेल्या मुलीच्या बाबतींतहि हेंच. आणि २०२३ चा कायदा कुटुंबांतील घरगुती वापराला लागू होत नाहीं, हें येथें ध्यानांत ठेवावें. बाहेरच्या कानांवर कायदा चालेल. घरांतल्या कानांवर केवळ आपली सभ्यता चालते.

म्हणून आईला विचारावें. विचारल्यावर ती कदाचित् म्हणेल, ‘दाराशीं कोण येतें तें तूं पाहा, पण माझ्या खोलींत नको.’ मग मार्ग सांपडतो. स्वयंपाकघराच्या दाराला उघडझाप कळणारा एक लहानसा खटका बसवावा; सकाळीं आठपर्यंत दार उघडलें नाहीं तर घरच्या संगणकानें मुलाला एवढाच निरोप धाडावा. त्यांत चित्र नाहीं, शब्द नाहीं. फक्त दार उघडलें कीं नाहीं इतकेंच आहे. मुलाला हवी होती ती बातमी मिळाली, आणि आईचें घर आईचें राहिलें. जेवढी गरज तेवढीच बातमी बाहेर सोडावी, हें या सर्व शास्त्राचें सार आहे.

श्रोतेहो, कोणतेंहि नवें यंत्र घरांत घेतांना तीन प्रश्न विचारावे असें मी सुचवितों. याचें डोकें कोठें आहे? इंटरनेट तोडलें तर हें काम करतें काय? आणि घरांतल्या ज्या माणसांना हें पाहील व ऐकेल, त्यांना आपण विचारलें आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें दुकानदाराकडून मागावीं. तिसरा प्रश्न मात्र आपला आपणच विचारावयाचा आहे, आणि तोच अवघड आहे.

दमयंतीच्या स्वयंवरांत नळाचें रूप घेऊन चार देव नळाशेजारीं बसले होते. खरा माणूस कोणता हें तिनें कशावरून ओळखलें? देवांचे डोळे लवत नव्हते. माणसाचे लवत होते. ज्याचा डोळा लवत नाहीं तो कितीहि समर्थ असो, त्याच्याबरोबर संसार करावयाचा नसतो हें तिनें जाणलें. आपल्या घरांतहि न लवणारे डोळे आणि न मिटणारे कान येऊं लागले आहेत. त्यांना सेवेला ठेवण्यास हरकत नाहीं. पण त्यांना घरच्यांच्या पंक्तीला बसवूं नये. बोरीचें पाणी चारशें वर्षें पाणीमहालावरून वाहत आहे, आणि आंतली खोली कोरडी आहे. ती कोरडी आहे, कारण बांधणाऱ्यानें पाण्याची वाट आधीं ठरविली आणि मग भिंत उभी केली.